परतीची तारीख

चिलोएच्या पूर्वेला, नकाशावर बेटं
सांडलेल्या हरभऱ्यांसारखी दिसतात.
त्यातल्या एका दाण्यावर
सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे मी.
एक खोली, लाकडाची शेगडी,
चार हजारांवर थोडी पुस्तकं,
आणि समुद्राच्या हवेनं फुगलेला शब्दकोश,
जो आता स्वतःच्याच खणात मावत नाही.

पूर्वी दार वाजलं की कुणीतरी काहीतरी मागायचं :
बटाट्याच्या रोगावरचं पुस्तक,
लोकर रंगवायचं,
किंवा नुसतंच, "ते निळं, मागच्या वेळी अर्धं राहिलेलं."
आता दार वाजतं ते चार्जिंगसाठी.
माझ्याकडे सहा सॉकेटं. एक ठिणग्या टाकतं.

मी कुलूप लावून निघते
तरी भिंतीला टेकून माणसं बसलेलीच असतात,
पावसात, टोप्या कानांवर ओढून.
वायफाय फळ्यांच्या फटींतून झिरपतं म्हणे,
खिडकीखालच्या बाकावर सगळ्यात दाट.
नेल्दा मान्सिया तिथून नातवाशी बोलते.
तो दूर दक्षिणेत वेल्डिंग करतो.
ती फोन कपाळाशी धरते,
त्याला दिसतात तिचे केस आणि वर आमची वळचण.
तेवढं पुरतं त्याला. वळचण ओळखीची आहे.

इस्माएल रेमोल्कोय माशांच्या पिंजऱ्यांवर जाळी विणतो
आणि विणता विणता कानांनी वाचतो.
ज्या कादंबऱ्या मी दहा वर्षं त्याच्या हातात कोंबत होते
त्या तीन संपवल्या त्यानं एका हिवाळ्यात.
मी शेल्फांच्या वतीनं रुसून पाहिलं.
जमलं नाही.

पेन्शनचे अर्ज भरते, डॉक्टरची वेळ घेते.
साऱ्या बेटाचे पासवर्ड मला पाठ आहेत.
बहुतेक कुत्र्यांची नावं.

ऑगस्टमध्ये एलेउतेरियो चिगुआय आला.
जन्मात पुस्तक नेलं नव्हतं त्यानं,
एकदाच आला होता, छपराच्या फळ्या बदलायला.
पावाच्या पिशवीत गुंडाळलेला फोन
टेबलावर ठेवला, अंडं ठेवावं तसा.
काच तडकलेली, बॅटरी फुगून पाठ उचललेली,
अगदी माझ्या शब्दकोशासारखी.
"यात ओतिलिया आहे," म्हणाला.
"कास्त्रोच्या इस्पितळातून बोलायची. एक्केचाळीस वेळा.
हा गेला की तीही."

केबल बसेना. गुरुवारच्या बोटीनं दुसरी मागवली.
ती जोडताना माझं बोट चुकीच्या जागी पडलं
आणि खोलीत एक बाई दम लागलेल्या आवाजात म्हणाली :
"कोंबड्या आत घेतल्यास का?
उत्तर नको देऊ, पैसे जातात. फक्त घे."

शेगडीत लाकूड फुटलं.
तो उठून खिडकीपाशी गेला
आणि बाहेर किती उजेड उरलाय ते पाहू लागला.

कॉम्प्युटर विचारतो : लेखक?
ओतिलिया बारिया, मी लिहिलं.
विषय?
खूप वेळ विचार करून लिहिलं : कोंबड्या.
त्यानं वाकून वाचलं, मान हलवली. बरोबर आहे.

बोटाच्या पेराएवढा पेनड्राइव्ह मुठीत धरून,
टोपी काढून तो उभाच.
"परत कधी करायचा?"

तुमचाच आहे, म्हणायला हवं होतं.
पण मी खणातून शिक्का काढला.
कित्येक महिन्यांत शाई पाहिली नव्हती त्यानं,
तोंडाची वाफ दिली तेव्हा कुठे उमटला,
कागदाच्या चिठोऱ्यावर, थोडा तिरका :
पुढच्या पंधरवड्याचा मंगळवार.

तेव्हापासून दर दुसऱ्या मंगळवारी येतो,
मुदत वाढवून घेतो, चहा पितो.
मागच्या खेपेला जाता जाता
बटाट्याच्या रोगावरचं पुस्तक काखेत मारून गेला.
ते मात्र अजून परत आलेलं नाही.