आंबेओहोळावरची मोजणी

नोव्हेंबरात साहेबांनी मला ओहोळावर बसवलं,
तीन दिवस, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत,
मांडीवर तक्ता, कानावर पेन्सिल.
खानापूर उपविभाग, हंगामी मोजणीदार.
डिसेंबरात बेळगावात अधिवेशन,
त्याआधी यादी जायला हवी:
रस्ता, लांबी, लाखांत रक्कम,
आणि शेवटचा रकाना, आद्यते.

कन्नडात प्राधान्याला आद्यते म्हणतात.
मला शब्द आवडला. आद्य म्हणजे पहिला.
खरं आमच्या साकवाचा नंबर एकेचाळीस.

साकव हा शब्दही तक्त्यात बसेना.
हुक्केरी साहेबांनी खोडून लिहिलं, कालुसंक.
कालु म्हणजे पाय. मला ऐकू आलं काल.
कालचा पूल, म्हटलं, म्हणजे होऊन गेलेला?
साहेब हसले. वाईट माणूस नाही,
मला छत्री त्यांनीच दिली होती.

पहिला दिवस.
कार शून्य, बस शून्य, ट्रक शून्य.
पाणी गुडघ्याच्या वर, असं गार
की जांभळाची पानंसुद्धा हळू वाहत होती.
सातच्या सुमारास सात पोरं, बूट गळ्यात.
मग धनगरवाड्याची ठकूबाई,
दुधाची किटली पोटाशी धरून, माझ्याकडे न बघता.
दुपारी पाटणेकर मास्तरांची मोटारसायकल आली,
बांबूला टांगून,
पुढं लुमाण्णा, मागं त्याचा भाचा,
रानडुक्कर आणावं तशी.
मास्तर पाठीमागून, आरसा हातात.

दुचाकीच्या रकान्यात मी एक रेघ मारली
आणि थांबलो.
ही गेली, की नेली?

"चाकं जमिनीला लागली होती?" साहेबांनी विचारलं.
नाही.
त्यांनी रबर माझ्याकडं सरकवलं.
मी म्हटलं, पूल झाल्यावर मोजूया की.
ते म्हणाले, पूल व्हायच्या आधीच मोजायचं असतं.

हायवेवरून दिसते ती पांढरी इमारत,
वर्षभर गप्प, डिसेंबरात दिवे.
यादी मीच नेऊन दिली, निळ्या फायलीत.
पहिल्या पानावर वीस कामं:
बायपास, रिंगरोड, कारखान्याचा जोडरस्ता,
बायपासचा बायपास.
एकेचाळीस तिसऱ्या पानावर, पहिलीच ओळ.
त्याला आद्य म्हणायचं तर म्हणा.
त्या दिवशी आत पाट्यांवरून वाद पेटला,
कुठली अक्षरं वर, कुठली खाली.
आंबेओहोळावर पाटी नाही.
निधीचा विषय उद्यावर गेला,
आणि उद्या शेवटचा दिवस होता.

फेब्रुवारीत फाईल परत आली. शेरा होता:
उन्हाळ्यात फेरमोजणी करावी.

एप्रिलात परत बसलो, तोच दगड, तीच छत्री.
ओहोळ नव्हताच, नुसते गोटे.
मोटारसायकली अकरा, ट्रॅक्टर दोन,
लग्नाची भांडी घेऊन एक टेम्पो, खडखडत.
रेघांवर रेघा. पेन्सिल दोनदा टोकली.
हातात काहीतरी आल्यासारखं वाटलं.

साहेबांनी तक्ता वाचला, चष्मा काढला,
बराच वेळ पुसत राहिले.
"वरचे विचारतील," म्हणाले,
"गाड्या जातायत की. मग पूल कशाला?"

ते ऐकायच्या आदल्या संध्याकाळी
लुमाण्णा माझ्याजवळ उकिडवा बसला होता.
चंची सोडली, सुपारी कातरली, अर्धी मला दिली.
"मला कुठं घातलासा ओ, त्या कागदात?"
शेवटी एक रकाना असतो, इतर.
हातगाड्या, जनावरं, काय काय.
म्हटलं, इतरमधे.
"बरं की."
त्यानं आंब्याकडं बघितलं,
तिथं तो बांबू टेकवून ठेवलेला, जूनसाठी,
मधोमध घासून गुळगुळीत झालेला.
"खरं त्यालापण घाला," म्हणाला.
"दर खेपेला येतोय तो."