जुना ताणा

तांडापेठेत वरच्या खोलीत
रात्रीचे दोन. कूलरचा पंप अडलाय
आणि स्क्रीनवर चौथ्यांदा तेच:
कर्नल उठला, मेमरी मोजली,
डिस्क ओळखली, कीबोर्डसुद्धा ओळखला,
मग विचारलं, पहिलं काम कोणतं?
उत्तर द्यायला कुणीच नव्हतं.
जागच्या जागी थिजला.

कर्नल माझा नाही.
मी न पाहिलेल्या गावांतल्या
हजारो माणसांनी लिहिलाय तो.
मी उतरवून घेतला, नको ते ड्रायव्हर काढले,
तीन तास कंपाइल होऊ दिला.

"मंग याच्यात तुयं काय?"
बाबांनी विचारलं होतं संध्याकाळी, बशीत चहा ओतता ओतता.
मी म्हटलं, नवी साडी लावताना तुम्ही
माग पुरता रिकामा करायचात का?
"रिकामा कायले करन कोनी?
जुन्या ताण्याचे शेंडे फणीतच राहू द्याचे,
नव्याचा एकेक तार त्याले सांधाचा.
अडीच हजार गाठी. मंग ओढाचं, हळू."

माझी गाठ एकच.
बारा ओळींची फाइल, नाव इनिट.
अन् तिला चालायची परवानगी द्यायचीच
राहून गेली होती.

दिली.
कर्नल उठला, मेमरी मोजली,
विचारलं.
मी आहे, म्हणाली फाइल.

काळ्या पडद्यावर 'धोटा' हे मी ठेवलेलं नाव,
पुढे लुकलुकता कर्सर.
घाईनं पहिला आदेश दिला.
"असा आदेश माहीत नाही."

बरोबरच आहे.
खाली बाबा उठलेत,
पंपाला चपलेनं ठोकतायत.