ग्रीस

उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर काढली,
दोन थाऊचा फरक बोटाच्या पेराला कळायचा.
आता परसात एकच जॉब हातात:
पाखरांच्या दाण्याला खार शिवू नये.

थाळी जुन्या पितळी ताटलीची,
खांब दीड इंची पाइपचा, ओळंब्यात.
राळे, बाजरी, वर मूठभर शेंगदाणे.
पहिल्या दिवशी दोन चिमण्या, एक साळुंकी.
दुसऱ्या दिवशी ती.
थाळीत अशी बसली
जशी सातबाऱ्यावर तिचंच नाव.

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून
शंकू केला, पालथ्या नरसाळ्यासारखा,
खांबाला बोल्टनं आवळला.
ती पेरूवरून आली.
पेरूची फांदी छाटली.
ती धुण्याच्या तारेवरून आली,
माझ्या बनियनवर पाय देऊन.
तार चार हात लांब नेली.
मालन म्हणाली,
"आता घरबी हलवा म्हंजे झालं."

भिंतीवरून मुल्लाणी मिस्त्री डोकावले:
"दाण्यात चटणी कालवा की.
पाखरांना तिखट लागत न्हाई म्हणत्यात."
कालवली. घरची, लालभडक.
खार शिंकली. दोनदा.
मिशा पुसल्या आणि पुन्हा खायला बसली.
कोल्हापूरची खार ती,
तिला चटणीचं भ्या घालता व्हय?

मग मी शंकूच काढून टाकला
आणि डबा उघडला ग्रीसचा.
बेअरिंगचं, पिवळं,
खांबाला खालून वर, हात भरभरून.
ती धावली, चढली, घसरली.
पुन्हा चढली. पुन्हा खाली.
मी शड्डू ठोकला,
परसात बघायला कुणीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दिसली
धुण्याच्या दगडावर,
पोट चाटत, पंजा चाटत,
केस चिकटून काटे झालेले,
दर चाटण्याला तोंड वाकडं.

माझे हात असेच असायचे सांजेला.
रॉकेल, मग भुसा, मग साबण,
तरी घासाला वास यायचाच.
मालन भाकरी मोडून द्यायची
मी ताटाला हात लावायच्या आत.
कधी बोलली नाही त्यावर. मीही नाही.

खांब पुसला.
चिंध्यांनी, राखेनं, कढत पाण्यानं,
सकाळ सगळी त्यात गेली.
मुल्लाणी भिंतीवरून बघत होते,
त्यांनी काही सुचवलं नाही.

चार दिवस ती फिरकली नाही.
मुनियांचा थवा आला,
साळुंक्या बाजरीवरून भांडल्या,
शेंगदाणे थाळीत होते तसेच.
ड्रॉइंगबरहुकूम. जॉब पास.
मी खुर्ची बाहेर काढायचो,
आत न्यायचो.

पाचव्या दिवशी मालननं
तारेवरचं बनियन काढून उजेडात धरलं.
छातीवर चार ठसे,
बारके, पिवळट.

"हे डाग कशाचे हो?"

म्हटलं, "कामावरचे."