पोटखराब

लांबोरवाड्याच्या शेवटच्या गोठ्यापाशी
एसटी वळते आणि रस्ता संपतो.
हाच तो दगड. अर्धा जमिनीत, चुना उडालेला.
अडतीस वर्षांपूर्वी मी इथूनच साखळी टाकली होती,
सरकारी मोजणीदार, वय चोवीस,
पायांत कोऱ्या कोल्हापुरी चपला,
ज्या दुसऱ्याच दिवशी करकरायच्या थांबल्या.

सगुणा लांबोर पुढे चालते, अनवाणी,
हातात कोयता, ओटीत भाकरी.
"जळवा हायती अजून. थांबला तर चढतील," म्हणते
आणि स्वतः दर झाडाशी थांबते.

दसरा होऊन आठवडा झाला.
रान वरून कोरडं, पण आत
पिळलं तर गळेल असं.
अंजनीच्या बुंध्यांना शेवाळ,
गव्याच्या खुरात साठलेलं चहाच्या रंगाचं पाणी,
वर कुठेतरी शेकरू खाकरतं
सही करण्याआधी तलाठी खाकरतो तसं.
मग कारवी विरळ होते आणि एकदम
छप्पर उडाल्यासारखा उजेड.

सडा.

माती नाहीच. काळवंडलेला जांभा, भोकाभोकांचा,
वर वीतभर गवत आणि कमरेइतका वारा.
सीतेची आसवं सरत आलेली,
डबक्यांच्या काठाने गेंदाचे पांढरे मणी,
पाऊल कुठे टाकावं कळत नाही.
ह्या सगळ्याचं मी तेव्हा क्षेत्र काढलं होतं,
एकशे बारा हेक्टर आणि वर काही आर,
आणि शेऱ्यात लिहिलं: पोटखराब.
एकच शब्द. शाई चांगली होती, अजून टिकून असेल.

सगुणा चालता चालता सांगते,
ही म्हशीची न्हाणी.
हितं येडग्याच्या थोरल्यावर वीज पडली, त्यो थोरल्याचा खड्डा.
ही चुकल्या वासराची वाट.
हे वाऱ्याचं दार, हितं बोलायचं न्हाई,
शब्द कोकणात जात्यात.
मी खिशातला पेन चाचपतो.
पण कुठल्या रकान्यात लिहायचं?

शेवटचे पन्नास हात हातापायांवर.
गुडघा नको म्हणतो, दगड तापलेला,
त्याला पोट लावून मी पालीसारखा.
माथ्यावर पोचलो तर पश्चिमेला जमीनच नाही.
कड्याखाली ढग, ढगाखाली कोकण.
पूर्वेला धरणाचं पाणी, उसाचे पट्टे,
कारखान्याची चिमणी, गळीत सुरू व्हायचंय म्हणून थंड,
आणि त्याही पलीकडे जो धुरकट डाग दिसतो
ते माझं घर, पेन्शन, औषधांची वेळ.

भाकरी, खर्डा, गाडग्यात दही.
"तुमीच न्हवं ते?" माझ्याकडे न बघता ती विचारते.
"साखळीचं दुसरं टोक धराय एक मानूस घेतलावता.
त्यो माझा बा. रातच्याला पैसं मोजून म्हनला,
आपलं रान लई मोठं वाटायचं गं.
मोजलं तवा कमी भरलं."

मला माणूस आठवत नाही.
टोक आठवतं. पितळी मूठ,
आणि दर साखळीला
धुक्यातून येणारी हाक: ताणलीऽऽ!

उतार दुसऱ्या अंगाने. देवराईत
घंटा आहे, ती वाजवत नाही, नुसता हात लावते.

मोजणी फिरून पहिल्या दगडाशी आली
की थोडा फरक राहतोच. हात, दोन हात.
तो सगळ्या बाजूंना थोडा थोडा वाटून द्यायचा
आणि नकाशा जुळवायचा,
असं आम्हाला शिकवलं होतं.

दिवस कलताना त्याच दगडावर बसून
मी मोज्यातली जळू काढतो. रक्त थांबत नाही.
एसटीला अजून वीस मिनिटं.
सगुणा आतून ताक आणते, काठोकाठ पेला.
मी तिच्या बापाचं नाव विचारतो.
ती सांगते.

मी परत विचारतो,
पहिल्यांदाच नीट ऐकू आलेलं असूनही.