राखेची राखण

पाइप फुटला तो रात्रपाळीत.
सकाळी पाहिलं तर नाल्याकाठची सहा एकर
शिळ्या अंबिलीवर साय धरावी तशी,
राखाडी, गुळगुळीत.
बैलाचं पाऊल पडलं की घोट्यापर्यंत आत.

त्याला आता सात वर्षं.

मी इथं राखणीला, रेवंता नैताम,
रोजी तीनशे वीस, हजेरी वहीत.
येणारे-जाणारे हसतात, राखेची कसली राखण?
राख कोण चोरून नेतं?
मी म्हणते, बाप्पा, राखेत मोहरी आहे.

पण आधी बेशरम आली. कुणी लावली नाही.
जिथं करंजानं, बाभळीनं मान टाकली
तिथं ती जांभळी फुलं घेऊन उभी.
आपणच नाव ठेवलं होतं तिला,
कुंपणाला खोचून विसरलो होतो.
नागपूरच्या खोब्रागडे मॅडम तिच्यापुढं उकिडव्या बसल्या,
पान तोडून पाकिटात घातलं, पाकिटावर तारीख.
पंधरा दिवसांनी फोन:
"मावशी, हिच्या पानात शिसं उतरलंय."
एखादीला दिवस गेल्याचं सांगावं
तशा आवाजात.

मग कॅन आले, निळ्या झाकणांचे.
आत काळपट पाणी, बंद कणगी उघडल्यासारखा वास.
ह्यात जीव आहेत, दिसत नाहीत.
गूळ कालवा, एक दिवस सावलीत ठेवा.
आम्ही चौघी एकमेकींकडं पाहून हसलो:
विरजण होय न हे!
मॅडमनी तोच शब्द वहीत लिहून घेतला.

तर आम्ही सहा एकराला विरजण लावलं.
शेणखतात, पळसाच्या कुजक्या पानांत.
हातात मोजे, पायात बूट,
बूट आठ नंबरचे, पाय पाचचा.

मुळाला बुरशीचे धागे धरतात म्हणे,
जिथं मूळ पोचत नाही तिथं धागा जातो,
पाणी आणून देतो, बदल्यात साखर घेतो.
शिसं काही तिथंच बांधून ठेवतात, काही वर पाठवतात.
हा व्यवहार मला
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा सरळ वाटला.

पौषात मोहरी फुलली.
लटारीच्या शेळ्या कुंपणाशी रांगेत.
"काऊन उपाशी मारतं वहिनी मुक्या जिवाले?
एवढा हिरवा पाला, अन् तू काठी घेऊन."
म्हटलं, लटारीभाऊ, हा पाला जेवाचा नोहोय,
हा स्वतःच जेवून बसला आहे.
त्याला कळलं नाही. त्याच्या पाटीला तर नाहीच.
ती तारेखालून शिरली,
तिच्या दातांतून मी देठ ओढून काढला,
बोटं लाळेनं भरली, धुवायला नाल्याकडं वळले
आणि आठवलं,
नाल्यावर नाही.

फाल्गुनात कापणी. शेंगा टच्च.
माझ्या अंदाजानं चार डबे तेल निघालं असतं.
जन्मात पहिल्यांदा पीक कापलं
आणि एक दाणा दाताखाली धरून पाहिला नाही.
बंद भट्टीत जाळलं सगळं. उरली तीन ड्रम राख.
राखेतून उगवलं, राख झालं,
पण ही ड्रमात मावते,
झाकणावर लाल रंगात वजन, तारीख,
हात लावू नये.

न्यायला गाडी येणार होती.
ड्रम पंचायतीच्या मागल्या खोलीत आहेत,
मोडक्या बाकांशेजारी. चावी माझ्या कमरेला.

मातीचा आकडा एकशे बारावरून एकशे सहावर आला.
सहा. मॅडमना विचारलं, अजून किती वर्षं?
त्यांनी मोबाइलवर हिशेब केला,
मग मोबाइल पालथा ठेवला.
मी एकावन्नची आहे.

काल तिसऱ्या वाफ्यात कुदळ घातली,
ढेकूळ फुटलं, आणि आत
करंगळीएवढं, ओलं, नाराज
गांडूळ.
परत झाकलं त्याला.
वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता,
म्हणून हजेरीच्या पानावर, माझ्या नावाखाली लिहिलं:
गांडूळ, एक.
हजर.