घोट्याएवढं पाणी

बारा वर्षं मी अंघोळ केली
स्वतःच्याच पाण्यात उभी राहून.
साबणाचं, करडं, घोट्याएवढं.
जायचं ते, नाही असं नाही.
पण रविवारच्या जेवणानंतर निघालेले पाहुणे
कोट घालूनही दारात तासभर बोलत राहतात,
तसं जायचं.

"तुझे केस," ऑरिन म्हणायचा,
पेपरातून मान वर न काढता.
केस खरंच लांब होते माझे, कमरेपर्यंत,
आजीसारखे. ती फिनलंडहून आली तेव्हा
तिच्या ट्रंकेत म्हणे कंगवाच आधी सापडला.
मी तारेचा आकडा करून उपसलं भोक,
ओल्या उंदरासारखे गोळे निघाले,
ते टिश्यूत गुंडाळून टाकले गुपचूप,
चोरी पकडली गेल्यासारखे.

सोडा ओतला, व्हिनेगर ओतलं,
फेस बघून नातू तेवढा खूश.
निळ्या बाटलीतलं काहीतरी जहाल ओतलं,
मांजर दोन दिवस वर फिरकलं नाही.
रबरी पंप मारला. खांदा गेला.
शेवटी, सहा वर्षांपूर्वी, मार्चमध्ये,
केस कापले. कानापर्यंत.
सलूनमधल्या पोरीनं दोनदा विचारलं, नक्की ना?

पाणी घोट्याएवढंच राहिलं.
"जुने असतील," ऑरिन म्हणाला,
"आत अडकलेले."

आज शनिवार. उणे सव्वीस.
डुलुथच्या चढावरून तळं पांढरंफटक दिसतंय,
धक्क्याला एक खनिजाचं जहाज
बर्फ फुटायची वाट बघत.
शाळेची बस आज चालवायची नाही मला.
हार्डवेअरच्या दुकानातला लेफ काल म्हणाला होता,
"भोकाचा नाद सोड, व्हर्ना.
नळाखालची चकती काढ. खटक्याची."

दोन स्क्रू. एक सहज आला.
दुसऱ्यासाठी येतात तेवढ्या शिव्या वापरल्या,
आजीच्या फिनिशमधल्यासुद्धा.
चकती ओढली तशी तिच्यामागून
निघत आली सळई, हातभर लांब,
शिजलेल्या माशाचा काटा सबंध निघावा तशी,
आणि टोकाला पितळी वजन, अंगठ्याएवढं.

केस? एकही नाही.

सळईवर आटे, आट्यांवर नट,
आणि नट इंचभर खाली बसवलेला.
म्हणजे खटका "उघडं आहे" म्हणायचा तेव्हाही
ते पितळ आत पाइपाच्या तोंडावर
बूड टेकून बसलेलं.
अर्धं बंद होतं आमचं,
बारा वर्षं.

ही सळई कुणी बसवली तेही आठवतं मला.
नवा टब आला त्या ऑक्टोबरात,
गुडघ्यांवर बसून, शीळ घालत,
सूचनांचा कागद बाजूला ठेवून.
टॉर्च मीच धरला होता.

नट सात आटे वर फिरवला.
पितळ व्हिनेगरनं पुसलं,
तेवढं एक कामी आलं त्या बाटलीतलं.
सळई परत आत, चकती, दोन स्क्रू.
टब अर्धा भरला. खटका ओढला.

आधी काहीच नाही.
मग एक भोवरा, नाण्याएवढा,
मग बशीएवढा,
आणि मग तो आवाज,
भिंतीतून थेट तळघरापर्यंत गेलेला,
चारचौघांत कुणी सुपाचा शेवटचा भुरका मारावा
इतका असभ्य, इतका समाधानी.

"निघाले का केस?" खालून ऑरिन.

मी टबाच्या काठावर बसले होते.
उत्तरं बरीच होती,
काही चांगली मुरलेली.
टबाच्या आतून, घोट्याच्या उंचीवर,
एक करडी रेघ फिरली होती,
सगळीकडून सारखी, जणू कुणी आखलेली.

"पितळ निघालं," मी म्हटलं.

थोडा वेळ खाली शांत.
मग खुर्ची सरकली. जिन्यावर पावलं,
डावा गुडघा दुखणाऱ्या माणसाची,
एक पायरी, थांबणं, एक पायरी.

मी ब्रश उचलला होता रेघ घासायला.
परत ठेवला.
बघू दे त्याला आधी.