डोंगराची वजाबाकी

सकाळी सातला, कोनिमाच्या दवाखान्यात,
सुई उघडण्याआधी मी पोरांचे हात चोळते.
गार बोट रक्त देत नाही,
आणि पिळून काढलेलं रक्त खोटं बोलतं,
त्यात मांसाचं पाणी उतरतं.
पहिला थेंब पुसायचा. दुसराही.
तिसरा मोजायचा.

फोर्तुनाताच्या मांडीवर यानेली,
वय दीड वर्ष, पायात एकच मोजा.
आमच्या आयमारात रक्तालाही विला म्हणतात
आणि लाल रंगालाही विला.
'लाल पेशींमधला लाल कमी आहे' हे सांगताना
मी विला, विला करत अडखळते.
ती म्हणते, मग हिरवं कुणाचं असतं?

तेरा पूर्णांक दोन, यंत्र सांगतं.
खाली लिमात, समुद्रकाठी,
हा आकडा घेऊन पोरगी मिरवत घरी गेली असती.
इथे सरोवरच तीन हजार आठशे मीटरांवर.
हवा विरळ, म्हणून रक्त दाट,
म्हणून तक्ता म्हणतो, डोंगराचं डोंगराला द्या.
तेरा दोन वजा तीन एक.
दहा एक.
अकराच्या खाली. मी रकान्यात लिहिते:
ॲनिमिया, सौम्य.

सौम्य म्हणजे केवढा?
मी तिला सूक्ष्मदर्शकापाशी नेते.
नियमात बसत नाही; पण डॉक्टर बुधवारीच येतो.
या बघ लाल पेशी,
किनोआच्या उंड्यात अंगठा दाबावा तशा.
तुझ्या पोरीच्या मधोमध जरा जास्तच फिकट.
यांना गाभा नसतो; रक्तात उतरण्याआधीच टाकून देतात,
श्वास वाहायला जागा हवी म्हणून.
एकशेवीस दिवस चालतात, मग प्लीहा त्यांना मोडते
आणि लोखंड तेवढं बाजूला काढते,
मोडक्या कुदळीचं लोहार काढतो तसं.
ही मोठी, जांभळ्या पोटाची, पांढरी पेशी. राखणदार.
आणि हा भुसा?
भुसा नाही, बिंबिका. खपली धरते ती यांच्यामुळे.
फोर्तुनाता एक डोळा मिटून बराच वेळ बघते.
विचारते, आणि हवा?

सहा महिने लोहाचे थेंब.
दात काळे, शी काळी.
कोंबडीचं रक्त कांद्यात परतून;
पोरगी थुंकायची, आई पुन्हा भरवायची.
थेंबांवर संत्र्याचा रस.
संत्री खालून येतात, ट्रकने,
आणि त्यांचा भावही चढ चढून येतो.

मग एका सोमवारी नवा तक्ता आला.
डोंगर आता अडीचच घेतो.
आणि दोन वर्षांखालच्यांची रेषा उतरली साडेदहावर.
मी जुनी वही काढली.
तेरा दोन वजा अडीच: दहा सात.
माझ्या हस्ताक्षरातली एकोणीस पोरं
दुपारच्या चहापर्यंत बरी झाली,
त्यातली काही तर तेव्हा अंगणात झोपली होती.

फोर्तुनाताला सांगायला मी शब्द जुळवत होते.
तिने ऐकून घेतलं. चिडली नाही.
म्हणाली, म्हणजे त्या दिवशीही ती बरीच होती?
मी म्हटलं, या तक्त्याने, हो.
आणि फिकट दिसल्या त्या?
मी गप्प.

तिने शालीतून स्वतःचं बोट काढलं.
माझं कुणी मोजलं नाही, बाळंतपणानंतर.
बोट गार. मी चोळत राहिले.
पहिला पुसला, दुसरा पुसला.
अकरा चार.
जुन्या तक्त्याने आठ तीन, नव्याने आठ नऊ.
बाईला बारा लागतात.
हिच्या बाबतीत दोन्ही तक्त्यांचं एकमत होतं.

संत्री कोण खायचं, मी विचारलं नाही.
तिने गाठोड्यातून परत करायला आणलेली बाटली काढली,
उजेडात धरली. तळाशी दोन बोटं उरलेली.
हे मला चालेल का गं? वाया नको.
मी म्हटलं, हे पोरांचं आहे, तुला गोळ्या देते.
उठून कपाट उघडलं,
आणि ती बाटली तिने तरी पुन्हा गाठोड्यात ठेवली.